खुनी बाई सुटावी असं वाटलं तेव्हा

पत्र :

नमस्कार. मी वेंगुर्ला तालुक्यातली. वय 57, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. निवृत्ती जवळ आली आहे. माहेर देवगड तालुक्यात. वडील मुंबईला गिरणीत होते. सुट्टीला येताना बाबुराव अर्नाळकरांची पुस्तकं आणायचे. झुंजार, काळा पहाड ही मंडळी आमच्या घरातलीच असल्यासारखी होती. तेव्हा जे रहस्यकथांचं वेड लागलं ते आजतागायत. आता इंग्रजी कादंबऱ्यांचे अनुवाद वाचनालयातून आणते आणि रात्री जेवणं आटोपली की तासभर वाचते. घरात कुणाची ना नाही. नणंद तेवढी म्हणते, या वयात खुनाच्या गोष्टी कसल्या वाचतेस, ज्ञानेश्वरी घे. मी हरिपाठ रोज म्हणते, त्यामुळे तिचं बोलणं कधी मनाला लावून घेतलं नव्हतं.

मध्यंतरी एक कादंबरी वाचली. नाव लिहीत नाही, शेवट फुटेल. तीत बहीण भावाला विष घालते. थोडी पानं उरली असताना मला कळलं की हीच ती, आणि तिथून पुढे मी 'देवा, ही सापडू नये' असं म्हणत वाचत गेले. ती सापडली तेव्हा मला रडू आलं. रात्रभर झोप लागली नाही. माझ्या मनात असं काही आहे का? तसं असायला कारण नाही. माझे दादा देवमाणूस आहेत, सगळ्यांचं करतात. दरवर्षी न चुकता हापूसची पेटी पाठवतात. वरच्या थरात मोठी फळं आणि खालच्या थरात बारकी असतात, पण मी काही मोजत बसत नाही. तीन वर्षांपूर्वी दादांचा फोन आला, 'बाय, सोमवारी ये गो, सह्यो करूच्यो आसत.' सोमवारी रजा टाकून गेले, सह्या केल्या, संध्याकाळच्या गाडीने परत आले. कसली कटकट नाही. आमच्यात भाऊबंदकी नाही ही देवाची कृपा.

आणखी एक. अलीकडे वाचताना माझा संशय नेहमी घरातल्या सगळ्यांत उदार माणसावर जातो आणि बहुतेक वेळा चुकतो. वाचनातून माणूस स्वतःला ओळखतो असं एका व्याख्यानात ऐकलं होतं. ही अशी ओळख असेल तर मला नको. वाचन बंद करू का?

उत्तर :

ताई,

वाचन बंद करू नका. हे पहिल्यांदा सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांतपणे वाचाल.

आणि तुमच्या मनात खून नाही. गोष्टीतली बहीण सुटावी असं वाटणं आणि आपल्या भावाचं वाईट व्हावं असं वाटणं यांत फार अंतर आहे. वाचकाला जेव्हा खुनी माणसाची बाजू पटते, तेव्हा खुनाच्या आधी त्याच्यावर जे बेतलेलं असतं ते पटलेलं असतं. तुम्ही रडलात ते तिच्या विषासाठी खचितच नाही. त्या घरात तिचं काय काय बुडालं होतं, ते तुम्हाला दिसलं होतं.

इंग्रज लेखक चेस्टरटन यांचा फादर ब्राऊन तुमच्या वाचनात आला आहे का? बुटका, गोल चेहऱ्याचा, छत्री सांभाळत फिरणारा हा कॅथलिक धर्मगुरू खुनांचा छडा लावतो. 1927 साली आलेल्या संग्रहात एक जण त्याला त्याची पद्धत विचारतो, तर तो सरळ सांगतो की ते सगळे खून मीच केले. ऐकणारा हादरतो. मग फादर ब्राऊन उलगडून सांगतो : खुनी माणसाच्या मनात शिरायचं, त्याचा राग आपला राग होईपर्यंत तिथे बसून राहायचं, त्याच्या डोळ्यांनी घराकडे बघायचं, आणि शेवटचं कृत्य तेवढं करायचं नाही. त्याच्या लेखी हा साधनेचाच भाग आहे. आपण किती वाईट होऊ शकतो हे ज्याने कधी पाहिलेलं नाही, त्याच्या चांगुलपणावर फादर ब्राऊनचा भरवसा नाही. नणंदबाईंना हे जरूर सांगा. हरिपाठ आणि रहस्यकथा एकाच उशाशी ठेवायला काहीच हरकत नाही.

पण एवढ्यावर मी तुम्हाला सोडणार नाही. कारण बहुतेक रहस्यकथा माणसाला स्वतःची ओळख वगैरे करून देत नाहीत, उलट त्या ओळखीपासून त्याची सुटका करतात. डब्ल्यू. एच. ऑडन हा मोठा इंग्रज कवी या कथांचा तुमच्याइतकाच शौकीन होता. तंबाखू किंवा दारूसारखं हे आपलं व्यसन आहे, असं त्याने 1948 सालच्या निबंधात स्वतःच लिहिलं आहे. व्यसन कशाचं, तर निर्दोष ठरण्याचं. गोष्टीत खून पडला की घरातल्या प्रत्येकावर संशय येतो, आणि प्रत्येकाने काही ना काही दडवलेलं असतंच. शेवटच्या प्रकरणात एकाकडे बोट दाखवलं जातं आणि बाकीचे सगळे सुटतात. त्यांच्याबरोबर वाचकही सुटतो. दिवा मालवून झोपायला मोकळा. तुमच्या इतक्या वर्षांच्या रात्री बहुधा अशाच गेल्या, आणि त्यात वाईट काहीच नाही. दिवसभर पोरांचा गलका, पोषण आहाराच्या नोंदी, वरून आलेली परिपत्रकं हे सगळं निस्तरून आलेल्या बाईला तेवढा विसावा हवाच. या वेळी मात्र पुस्तकातली गुन्हेगार सापडली आणि तुम्ही सुटला नाहीत. झोप गेली ती त्यामुळे.

म्हणून तुमचं पत्र मी एकदा पत्र म्हणून वाचलं आणि एकदा तुम्ही कादंबरी वाचता तसं वाचलं. दुसऱ्या वाचनात जे दिसलं ते सांगते. चुकत असेन तर खुशाल खोडून काढा.

अगाथा ख्रिस्तीबाईंची 1926 सालची एक कादंबरी आहे. तुमचा नियम मीही पाळते, नाव लिहीत नाही. पण तुम्ही ती वाचलेली असणार आणि आतापर्यंत ओळखलीही असणार. तीत गोष्ट सांगणाराच गुन्हेगार निघतो. शेवट कळल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचली की थक्क व्हायला होतं, कारण त्या रात्रीच्या हकिगतीत तो खोटं बोलतच नाही. नऊला वीस मिनिटं असताना पत्रं आत आली, नऊला दहा मिनिटं असताना मी खोलीतून निघालो, असं तो सांगतो. दोन्ही वेळा खऱ्या. मधल्या दहा मिनिटांचं तो बोलत नाही आणि आपणही विचारत नाही, कारण वाक्य इतकं सरळ चालीचं आहे की डोळा त्यावरून घसरून पुढे जातो.

आता तुमचं वाक्य बघा. 'सोमवारी रजा टाकून गेले, सह्या केल्या, संध्याकाळच्या गाडीने परत आले.' सगळं खरं. कुडाळला गाडी बदलून जायचं आणि तसंच परत यायचं म्हणजे अख्खा दिवस गेला, आणि त्या दिवसातलं मधलं काहीच पत्रात नाही. सह्या कुठे केल्यात, घरी की तलाठी कार्यालयात? कोण कोण होतं? कागद कसला होता? दुपारी माहेरच्या घरी जेवलात का, की एसटी स्टँडवर चहा घेऊन तशाच निघालात? नणंदेचं बोलणं तुम्ही शब्द न् शब्द लिहिलंत, आंब्याचे थर लिहिलेत, आणि ज्या कामासाठी रजा टाकली ते काम 'सह्या' या एका शब्दात आटोपलंत. यावरून मला वाटतं, तो कागद तुम्ही वाचला नाहीत. वाचला असतात तर कसला ते तुमच्या हातून लिहिलं गेलं असतं.

इथे मला थांबायचं आहे. पुस्तकात कडी आतून लागली होती की बाहेरून, कपात साखर किती होती, पत्रावरची तारीख कुणी खोडली, हे सगळं टिपणारी बाई. एकही ओळ न वाचता पुढे जाणार नाही अशी. तिने स्वतःच्या नावासमोर सही केली आणि वरचा मजकूर वाचला नाही. हे भोळेपणाने झालं असं मला वाटत नाही. आपल्याकडे बहिणीने कागद हातात घेऊन पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली की खोलीतली हवाच बदलते. कुणी बोलत नाही. पेन पुढे करणारा हात तसाच राहतो. भाऊ दाराबाहेर बघायला लागतो. कुणीतरी म्हणतं, 'घरचंच आहे, वाचायचं काय त्यात.' त्या क्षणी वाचणं म्हणजे संशय घेणं, आणि भावावर संशय घेणारी बहीण म्हणजे माहेर तोडायला निघालेली बहीण. कोकणातल्या किती बायकांच्या तोंडून मी हे ऐकलं आहे : 'जमीन काय करूची, म्हायार रवला म्हणजे झाला.' आणि त्या मनापासून तसं म्हणत असतात. वर्षातून एकदा गणपतीला ज्या पडवीत जाऊन टेकायचं, ती पडवी कायमची परकी होण्याची भीती खरीच असते.

मग ती संशय घेणारी बुद्धी जाते कुठे? मला वाटतं तुमची पुस्तकांत गेली. तिथे संशय घ्यायला मुभा आहे. तिथे उदार माणसाकडे रोखून बघितलं तर कुणी नावं ठेवत नाही. दिवसा जी नजर घरात वापरायची सोय नाही, ती तुम्ही रात्री पुस्तकात वापरलीत आणि तिची धार जाऊ दिली नाहीत. म्हणून मी म्हणते की वाचन बंद करू नका. ही नजर तुमची आहे, चांगली आहे, आणि आता तिला स्वतःच्या घरात बोलवायची वेळ आली आहे.

फक्त ती वळवायची कुणीकडे, हे नीट समजून घ्या. पेटीचंच उदाहरण घेऊ. जी बाई मोजत नाही, तिला खालच्या थराची फळं बारकी आहेत हे ठाऊक नसतं. ते कळायला वरचा थर काढावा लागतो, पेंढा बाजूला सारावा लागतो, खालचं फळ हातात घेऊन वरच्या फळाशी ताडून बघावं लागतं. आणि 'दरवर्षी' म्हणता, म्हणजे हे दरवर्षी होतं. यातून दादांबद्दल काय सिद्ध होतं? काहीच नाही. मोसमात पेट्या भरायला गडी असतात, किती बागांत ते नेपाळहून आलेले असतात, आणि ही पेटी बहिणीची आणि ती वाशीच्या दलालाची हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. दादांनी ती पेटी उघडून पाहिलीही नसेल. तुमच्याबद्दल मात्र ती पेटी पुष्कळ सांगते. तुम्ही मोजता. दरवर्षी, एकट्या, स्वयंपाकघरात, कुणाला न सांगता, फळं मोजता आणि मग स्वतःला बजावता की मी मोजत नाही.

उदार माणसावर जाणारा संशयही तिथूनच येतो. पेटी पाठवणाऱ्याने ठरवायचं असतं किती पाठवायचं, केव्हा पाठवायचं, वर काय आणि खाली काय. घेणारीने गोड मानून घ्यायचं असतं. हिश्श्याचं तसं नसतं. हिस्सा कुणी पाठवत नाही, तो असतो किंवा आपण सोडलेला असतो. आता तुम्हाला हिस्साच हवा आहे असं मी मुळीच म्हणत नाही. कदाचित नको असेल. विचारलं असतं तर कदाचित हसत हसत सोडला असतात, वर दादांच्या नातवाच्या हातावर काहीतरी ठेवून आला असतात. तुम्हाला विचारलं गेलं नाही. सोमवारी ये, एवढंच सांगितलं गेलं. मला वाटतं पुस्तकातली ती बहीण तुम्हाला रडवून गेली ती इथे. तिलाही कुणी काही विचारलं नसणार.

आणखी एक माणूस तुमच्या पत्रात नाहीच. वहिनी. दादा सगळ्यांचं करतात असं लिहिलंत, पण देवगडच्या त्या घरात सकाळपासून करणारे हात कुणाचे होते? आईवडिलांचं म्हातारपण कुणी काढलं, रात्री कोण उठलं, ओरोसच्या सरकारी इस्पितळात कोण बसलं? हे माझ्यापेक्षा तुम्हाला ठाऊक. पण आपल्या हकिगतीतून जेव्हा आपण एखाद्या माणसाला पार वगळतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याचं काही देणं आपल्याकडे निघत असतं, किंवा त्याच्याबद्दल इतकं साठलेलं असतं की सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. स्वतःला ओळखायचं म्हणजे फक्त आपल्यावर झालेला अन्याय ओळखायचा, असं नव्हे.

पुढचं पुस्तक आणाल तेव्हा जवळ एक वही ठेवा. गोष्ट तीन चतुर्थांश झाली, सगळे धागे हातात आले आणि उलगडा अजून व्हायचा आहे, तिथे पुस्तक मिटा. कुणावर संशय आहे आणि का, ते लिहा. मग त्याहून सविस्तर लिहा की कुणावर संशय येतच नाही, आणि का येत नाही. कुणाला तुम्ही पहिल्या भेटीतच माफ करून टाकलंत? कुणाची अडचण वाचताना तुम्ही पानं भराभर उलटलीत? मग दुसऱ्या दिवशी पुस्तक पुरं करा. तुम्ही शिक्षिका आहात, हात आपोआप बरोबर-चूक अशी खूण करायला जाईल. तो आवरा. खुनी ओळखता आला की नाही याला इथे महत्त्व नाही. चार-सहा पुस्तकांनंतर सगळी टिपणं एकदम वाचा. लेखक वेगळे, देश वेगळे, खून वेगळे, आणि तरी तुमची माफी आणि तुमचा संशय त्याच त्याच प्रकारच्या माणसांकडे गेलेला दिसेल. तेवढं तरी त्या लेखकांचं नसणार, तुमचंच असणार. (वाचनालयाच्या पुस्तकात कुणीतरी पेन्सिलीने आधीच खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असतं, त्याचा मला मनस्वी राग येतो. पुढच्या किती जणांचा शोध तो माणूस हिरावून घेतो. असं पान आलं तर खोडरबरने पुसा आणि मगच पुस्तक पुढच्याला द्या.)

आणि याच वहीत एका बैठकीत तो सोमवार लिहा. सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत, घड्याळ लावून. कुठली साडी नेसलात, गाडीत शेजारी कोण होतं, दादा न्यायला आले होते का, घरात शिरताना पहिलं काय दिसलं, कागदाचा रंग, शिक्का कुठे होता, कोण हसलं, परतताना हातात काय होतं. मतं लिहू नका, फक्त घडलं ते. कुठेतरी पेन थांबेल आणि 'मग नेहमीसारखंच' असं काहीतरी लिहून पुढे जावंसं वाटेल. तीच ती दहा मिनिटं. तिथे खूण करा, आणि पाणी पिऊन, हवं तर एक रात्र जाऊ देऊन, तेवढाच तुकडा पुन्हा लिहा.

मग ती वही घरातल्या एका माणसाला वाचायला द्या. तुमच्या यजमानांबद्दल तुम्ही एक अक्षरही लिहिलेलं नाही, त्यामुळे ते की मुलगी की एखादी जुनी मैत्रीण हे मी सांगू शकत नाही. पण द्या. याला कारण आहे. ख्रिस्तीबाईंनी मेरी वेस्टमॅकॉट या टोपणनावाने सहा कादंबऱ्या लिहिल्या, ज्यांत खून नाहीत. त्यांतली 1944 सालची 'अ‍ॅबसेंट इन द स्प्रिंग' त्यांनी अवघ्या तीन दिवसांत लिहून काढली. बगदादहून मुलीला भेटून निघालेली एक मध्यमवयीन बाई पावसाने रेल्वे अडल्यामुळे वाळवंटातल्या विश्रामगृहात अडकते. जवळची पुस्तकं वाचून संपतात, बोलायला कुणी नाही. मग ती आपल्याच संसारातले जुने प्रसंग आठवू लागते आणि एकेक धागा तिला टोचायला लागतो. नवऱ्याला शेती करायची होती, ती आपण करू दिली नाही. मुलं आपल्यापासून लांब का राहतात, ते उमगतं. ती हादरते, रडते, घरी जाऊन नवऱ्याची माफी मागायचं ठरवते. आणि घरी पोहोचल्यावर ओळखीच्या खोलीत, ओळखीच्या खुर्चीत बसल्यावर, ते सगळं तिला वाळवंटातल्या उन्हाचा भास वाटू लागतं. ती काहीच बोलत नाही. पुन्हा होती तशी होते. जगातल्या सगळ्या रहस्यकथांत याहून भीतिदायक शेवट मला माहीत नाही. जे एकटीलाच कळलं, ते एकटीलाच विसरायलाही सोपं असतं. म्हणून दुसऱ्या कुणाला तरी ठाऊक असू द्या.

आता कागद. तो कसला होता हे तुम्हाला ठाऊक नाही, तेव्हा मनातल्या मनात सर्वांत वाईट धरून चालू नका. वडिलांच्या पश्चात वारस नोंद करायची राहिली असेल आणि त्या सह्या तिच्यासाठी असतील, तर आज सातबाऱ्यावर दादांच्या नावासोबत तुमचंही नाव असेल. किंवा ते हक्कसोडपत्र असेल. पण स्थावर मिळकतीवरचा हक्क सोडायचा तर ते पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. तलाठ्याकडे दिलेला जबाब आणि नोंदलेलं हक्कसोडपत्र या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा घरबसल्या दिसतो, शाळेतल्या कुणाही तरुण सहकाऱ्याला सांगा, तो पाच मिनिटांत काढून देईल. त्यावर फेरफाराचे, म्हणजे हक्कांत झालेल्या बदलांच्या नोंदींचे, क्रमांक असतात, त्यांतला तुमच्या सोमवारनंतरचा कुठला ते बघा आणि त्या फेरफाराची नक्कल मागवा. कायदा असा आहे की वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासून मुलाइतकाच असतो. 2005 साली तशी दुरुस्ती झाली आणि वडील त्याआधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. तुमच्या बाबतीत हे कितपत लागू होतं ते कागद पाहिल्याशिवाय कुणीच सांगू नये, मीही सांगत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बायकांना उत्पन्नाची अट न घालता मोफत सल्ला मिळतो. ओरोसला जिल्हा न्यायालयात चौकशी करा. सल्ला घेतला म्हणजे दावा लावला असं होत नाही. आपण कशावर सही केली हे कळणं हा तुमचा हक्क आहे, आणि तेवढ्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

हे सगळं झाल्यावर दादांशी बोला, पण गणपतीत नको. ख्रिस्तीबाईंचा गुप्तहेर पॉयरो जसा सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून एकेकाचं बिंग फोडतो, तसं करायची खुमखुमी कागद हातात आल्यावर भल्याभल्यांना येते, आणि चतुर्थीला सगळं घर भरलेलं असतं तेव्हा तर हमखास. तिथे बोललेला शब्द मग भावकीत पिढ्यान्‌पिढ्या फिरतो. मार्च ते मे दादांचं चित्त थाऱ्यावर नसणार. फवारणी, वानर, पेट्या, दलालाचे फोन. शेवटचा आंबा उतरल्यावर, मिरग लागायच्या आधी, एक दिवस न सांगता जा आणि मुक्काम करा. संध्याकाळच्या गाडीने परतायचं नाही. रात्री जेवणं झाल्यावर ओटीवर बसाल तेव्हा वहिनींनाही बसवून घ्या, भांडी राहू देत म्हणावं. पेटीचा विषय काढू नका, हिश्श्याचाही काढू नका. 'दादा, त्या सोमवारी मी कागद वाचूकच नाय. माका एकदा दाखव,' एवढंच म्हणा आणि ते काय बोलतात ते शेवटपर्यंत ऐका. मध्ये वहिनी काही बोलल्या तर तेही ऐका, आणि दादा त्यांना गप्प करू लागले तर तेवढं मात्र करू देऊ नका.